सरांना हवे होते चाळीस टक्के

मुलुंड पूर्वेला एखादा इसम सतराचा पाढा म्हणताना अडखळला, तर तो कर्णिक सरांच्या हाताखालून गेलेला नाही, एवढं खुशाल समजावं. श्यामकांत कर्णिक सरांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निदान तीस वर्षं कॉप्या पकडल्या. वर्गावर सर असले की खिडकीतली कबुतरंसुद्धा एकमेकांकडे बघत नसत, असं जुने विद्यार्थी सांगतात. बुटातली, पट्टीमागची, डब्यातल्या पोळीत गुंडाळलेली, अशा सगळ्या तऱ्हांची कॉपी त्यांनी हुडकून काढली होती. एकदा तर एका मुलाच्या हाताच्या प्लॅस्टरमधून अख्खी भूमिती बाहेर काढली. हात मोडलेलाच नव्हता. सरांनी ते पोराच्या अक्षरावरून ओळखलं.

अशा माणसाच्या खिशात चिठ्ठ्या सापडाव्यात!

सापडल्या त्या माणिकताईंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, वॉशिंग मशीनमध्ये. पहिल्यांदा त्यांना वाटलं, टिश्यू पेपर राहिला असेल. मग मशीनची जाळी तुंबली. दुरुस्तीवाल्याने आतून मूठभर लगदा काढला आणि विचारलं, "काकू, तुम्ही कपडे धुता की वर्तमानपत्रं?" त्या दिवसापासून माणिकताई सर आंघोळीला गेले की त्यांचे खिसे तपासू लागल्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर बायको खिसे तपासते, हे कळलं असतं तर सरांना फार लागलं असतं. थोडं बरंही वाटलं असतं, पण ते त्यांनी कबूल केलं नसतं.

चिठ्ठ्या सरांच्याच रेखीव अक्षरात होत्या. 'समोरचा: गुणाजी. सेक्रेटरी. वाद घालू नये.' 'दूध गॅसवर आहे. जाऊन बघणे.' 'बँक: जैन देरासरापाशी डावीकडे. उजवीकडे नव्हे.' आणि एकीवर नुसतंच, 'आज बुधवार.' ती शनिवारच्या पँटीत निघाली.

माणिकताईंनी रडारड केली नाही. चिठ्ठ्या वाळवल्या, इस्त्रीखाली सपाट केल्या, टाचणी लावली आणि मुलीपुढे ठेवल्या. मुलगी गंधाली. वय एक्केचाळीस, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला, राहायला आईवडिलांपाशी. तिने त्या गठ्ठ्याकडे एकदा बघितलं आणि त्याच आठवड्यात बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. आपल्याकडे विसरभोळेपणाचं फार कौतुक होतं, गणिताच्या मास्तराचं तर जास्तच, त्यामुळे लोक दोन-दोन वर्षं हसण्यावारी नेतात. या घराने नेलं नाही. त्याचं श्रेय मशीनच्या जाळीला.

डॉ. अबोलींनी तपासण्या केल्या, मेंदूचे फोटो काढले, तीस मार्कांची एक प्रश्नावली सोडवून घेतली. त्यात सरांना एकोणीस मिळाले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, अल्झायमर आहे. पण अगदी सुरुवात आहे. फार लवकर आलात तुम्ही. बहुतेक लोक खूप उशिरा येतात."

त्यापुढे गोळ्या, चालणं, रोजचा ठरलेला क्रम, जे निर्णय घ्यायचे ते आत्ताच घेऊन ठेवणं, असं बरंच काही त्या बोलल्या. गंधालीने ते लिहून घेतलं. सरांनी फक्त 'फार लवकर' एवढंच ऐकलं. जिन्यात गुणाजी भेटला तेव्हा ते ताठ मानेने म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लवकर आलेला पेशंट त्यांनी क्वचितच बघितलाय."

"अभिनंदन मास्तर!" गुणाजी म्हणाला. कशाबद्दल, ते त्याला संध्याकाळी कळलं. मग तो अर्धा तास खाली बाकावर गप्प बसून होता, आणि गुणाजी अर्धा तास गप्प बसल्याची नोंद त्या इमारतीच्या इतिहासात दुसरी नाही. गुणाजी पूर्वीचा गिरणी कामगार. कोकण सोडून पन्नास वर्षं झाली होती, पण जिभेवरून कोकण उतरलेलं नव्हतं.

घराची घडी जरा बसतेय म्हणेपर्यंत गंधालीच्या बदलीचा हुकूम आला. शिलाँग. एक जुलैला हजर व्हावे. नकाशात मुलुंड ते शिलाँग अंतर माणिकताईंनी वितीने मोजलं. त्यांचे गुडघे एक जिना उतरले की दुसऱ्याला नाही म्हणत, आणि सर परवाच बँकेत म्हणून निघून नाहूर स्टेशनवर सापडले होते. गंधालीने नियम चाळले. घरातला माणूस दिव्यांग असेल आणि सांभाळणारी तीच असेल, तर बदलीतून सूट मागता येत होती. अट एकच: सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र हवं, किमान चाळीस टक्क्यांचं.

"चाळीस?" सरांनी चष्मा पुसला. "चाळीस टक्क्यांसाठी आजवर माझ्याकडे कुणी आलं नाही. पालक म्हणायचे, सर, नव्वदच्या पुढे ढकला."

अर्ज ऑनलाइन होता. ज्या माणसाला विसरण्याचा आजार आहे, त्याने एक आकडा, एक चिन्ह आणि एक मोठं इंग्रजी अक्षर असलेला पासवर्ड लक्षात ठेवावा, अशी सरकारची अपेक्षा होती. तीनदा चुकल्यावर पडद्यावर 'पासवर्ड विसरलात?' अशी ओळ आली. सर मागे सरकून बसले.

"गंधाली, हे खवचटपणे विचारतायत."

"सगळ्यांनाच विचारतात हो बाबा."

"मग सगळ्यांनाच प्रमाणपत्र द्या म्हणावं."

पुढे दिव्यांगत्वाच्या प्रकारांची लांबलचक यादी होती. त्यात विसरणं हा शब्दच नव्हता. गंधालीने बऱ्याच चौकशीनंतर 'मानसिक आजार' या रकान्यात खूण केली, आणि ते नाव वाचून सर दोन दिवस तिच्याशी तुटक बोलत होते. मग फोटोचा प्रश्न निघाला. फोटो साधाच हवा होता, पण तेवढ्यात गुणाजी आला.

"फोटोत आजार दिसाक होयो, मास्तर. आमच्या कुंडलिकान मोडल्या पायाचो फोटो लावल्यान, म्हणान काम झाला."

"अरे पण विसरण्याचा फोटो काढायचा कसा?"

"शर्टाची बटणा वरखाली लावा. केस जरा इस्कटा. आणि काय तरी आठवतास असा वरती बघा."

सरांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि कॅमेऱ्याकडे असं बघितलं की फोटो काढणारी गंधालीच दचकली. तोच फोटो गेला. त्यात सर इतके हुशार दिसत होते की अर्ज दुसऱ्या कुणाचा असावा असं वाटावं.

मंडळाकडून तपासणीची तारीख आली, चौदा मे, आणि इथून खऱ्या घोळाला सुरुवात झाली. त्याच आठवड्यात गंधालीच्या ऑफिसात तपासणी पथक आलं होतं. ती सकाळी सातला जायची, रात्री थकून यायची, त्यामुळे घरात काय शिजतंय हे तिला कळलंच नाही. इमारतीच्या ग्रुपवर गुणाजीचा संदेश पडला: 'कर्णिक मास्तरांची परीक्षा १४ तारखेस आहे. सर्वांनी सहकार्य करावे.'

आता मुलुंडात 'परीक्षा' हा शब्द उच्चारला की काय होतं, ते बाहेरच्यांना सांगून समजणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारच्या मामांची अशीच परीक्षा झाली होती. तो संभाव्य प्रश्नांची यादी घेऊन आला. तळमजल्यावरच्या बाईंनी घड्याळाचं चित्र काढायचा सराव घ्यायला कागदाचा गठ्ठा पाठवला. माणिकताईंनी बदाम भिजत घातले. जिन्यात जो भेटेल तो विचारी, "सर, आज वार कोणता?" सर दूध आणायला निघाले की फाटकावरचा रखवालदार सलाम ठोकून विचारी, "साब, महिना कौनसा?" एका सकाळी सरांनी त्याला महिना, तिथी आणि त्याची पाळी संपायला किती मिनिटं उरलीत तेही सांगितलं. त्याचे हात जोडलेलेच राहिले.

खरी गोष्ट अशी, की यातलं निम्मं सरांच्या डोक्यात राहत नव्हतं. ते राहत होतं दुसरीकडेच.

चौदाला सकाळी माणिकताईंनी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवली. सरांनी देवाला नमस्कार केला, खिशाला दोन पेनं लावली. खाली आठ-दहा माणसं निरोपाला उभी होती. "घाबरू नका सर, सोपे प्रश्न आधी सोडवा," नंदकुमार म्हणाला. आणि या आठ-दहा शहाण्यांपैकी, माणिकताई धरून, एकाच्याही मनात आलं नाही की आपण या माणसाला नेमकं कशात पास करायला निघालोय.

सरकारी रुग्णालयात ऋतिका नावाच्या तरुण मानसतज्ज्ञ बाईंनी सरांना समोर बसवलं. माणिकताई बाहेर बाकावर जप करत बसल्या. शंभरातून सात वजा करत जा, असं सांगितल्यावर सरांनी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असा जो उतार धरला तो दोनवर येऊनही थांबला नाही. "पुढे ऋण पाच," ते म्हणाले, "आणखी खाली जायचंय का?" ऋतिका हसली. तारीख विचारली, सरांनी मनगटावरचं घड्याळ जरासं सरकवून तारीख सांगितली. रुग्णालयाचं नाव, मजला, जिल्हा, सगळं बिनचूक. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले तेव्हा सरांना खोकला आला, पाणी लागलं, ती वळली. पाच मिनिटांनी तिन्ही शब्द हजर. तीसपैकी सत्तावीस!

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या पोरासारखा होता. "पेपर उत्तम गेला," ते म्हणाले. माणिकताईंनी वाटेत पेढे घेतले.

दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. पंचवीस टक्के.

"मास्तर नापास? ह्या कसा काय?" गुणाजी दारातच थबकला. "तीसात सत्तावीस, आणि नापास?"

गंधालीने कागद दोनदा वाचला. मग एकदा आईकडे बघितलं, एकदा नंदकुमारकडे, एकदा त्या घड्याळं काढलेल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे. "तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांची तयारी करून घेतलीत?" तिने अगदी हळू विचारलं. "अहो, त्यांना येत नाही, हे दाखवायला गेलो होतो ना आपण?"

पहिल्यांदा माणिकताईंनी कपाळावर हात मारला, मग गुणाजीने, मग नंदकुमारने. नंदकुमारने तर स्वतःच्या मामांनाही पुन्हा पाठवायला हवं, असं पुटपुटत काढता पाय घेतला.

पण गंधालीला एक कोडं सुटेना. डॉ. अबोलींकडे एकोणीस, इथे सत्तावीस. बदाम आणि गोळ्यांनी इतका चमत्कार होत नाही. तिने कपाटातून चौदा तारखेची पँट काढली. जी पँट फक्त समारंभाला घालतात ती बायका लगेच धुवत नाहीत, आणि निदान झाल्यापासून माणिकताईंनी खिसे तपासणं सोडलं होतं, म्हणून पुरावा शाबूत होता. सात चिठ्ठ्या. समारंभाच्या बुटात खोचलेल्या मोज्यात आठवी.

सर गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. सकाळी घातलं होतं, पण असो.

"बाबा, कॉपी केलीत?"

सरांनी झारी खाली ठेवली. चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकडोंना विचारला होता आणि उत्तर द्यायला पोरांना इतका वेळ का लागतो, याचं त्यांना नेहमी नवल वाटायचं.

"हो," ते म्हणाले.

"का पण?"

"अगं, समोर कुणीतरी पेन घेऊन बसतं. विचारतं. मला माहीत असतं की हे मला माहीत होतं. आणि ते जागेवर नसतं." त्यांनी तुळशीचं एक पान उगाच सरळ केलं. "चारचौघांत चुकायची सवय नाही गं मला. वर्षभर तेवढ्यासाठीच लिहीत होतो. आधी घरात चालून गेलं, म्हटलं तिथेही चालेल."

"मी शिलाँगला गेले तर, बाबा?"

त्या रात्री जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, शिलाँग किती लांब आहे. दुसऱ्यांदा विचारलं ते विसरले म्हणून, की आकडा पटला नाही म्हणून, हे माणिकताईंना ठरवता आलं नाही.

फेरतपासणीचा अर्ज करता येत होता. तो केला. "एटीकेटी लागली म्हणा," गुणाजी म्हणाला आणि लगेच नव्या जोमाने कामाला लागला. इमारतीला आपली चूक धुऊन काढायची होती, त्यामुळे आता उलटी शिकवणी सुरू झाली. "ह्या टायमाक सगळ्याक 'ठावक नाय' म्हणायचा, मास्तर. वार? ठावक नाय. महिनो? ठावक नाय. सातान वजा करूक सांगितला तर रडाक लागायचा."

"गुणाजी," सर म्हणाले, आणि जिन्यात एकदम वर्ग भरल्यासारखं झालं. "येत असलेलं उत्तर दडवणं हीसुद्धा कॉपीच. दुसऱ्या बाजूने केलेली. मी एकदा केली, तेवढी पुरे."

"मगे करतलास काय?"

"पेपर देणार."

या वेळी दही-साखर नव्हती. निरोपालाही कुणी खाली उतरलं नाही. सगळे आपापल्या खिडक्यांतून, पडद्याआडून बघत होते. गंधालीने रजा काढली होती. ऋतिका बाईंनी तिघांनाही आत बोलावलं, पहिला पेपर समोर ठेवला, आणि विचारायला तोंड उघडणार एवढ्यात सर उभे राहिले.

"एक मिनिट."

त्यांनी डावा खिसा उलटा केला. मग उजवा. शर्टाचा. घड्याळाच्या पट्ट्याखालून एक घडी निघाली. खाली वाकून मोज्यातून एक काढली. टेबलावर लहानसा ढीग झाला. ऋतिका बघतच राहिली. "सवयीने आल्या," सर म्हणाले. "तुमच्याकडे जमा करून घ्या. आणि गेल्या वेळचा पेपर रद्द समजा."

मग पेपर सुरू झाला. सातची वजाबाकी तशीच सरळ उतरत गेली. ते गणित होतं, ते कुठे जाणार. तारखेपाशी अडलं. महिना एक मागचा आला. तीन शब्दांपैकी एक आला, आणि दुसरा म्हणून त्यांनी माणिकताईंच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा सरांनी पेन उचललं आणि हात न टेकता, एका दमात, कंपासने काढावं असं वर्तुळ काढलं. ऋतिकाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्या वर्तुळात मग सरांनी बारापर्यंत आकडे लिहिले. सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसले, आणि डावी बाजू रिकामी राहिली. सरांनी कागदाकडे बघितलं. काहीतरी चुकलंय हे त्यांना दिसत होतं. काय ते दिसत नव्हतं. त्यांनी कागद पुढे सरकवला.

माणिकताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. वर्षभर त्या सरांबरोबर एका घरात होत्या, आणि हे त्यांनी आज पाहिलं.

शेवटी ऋतिकाने फाइल मिटता मिटता सहज विचारलं, "सर, तुमच्याबरोबर कोण कोण आलंय आज?"

"ही माणिक. माझी बायको."

"आणि या?"

सरांनी गंधालीकडे बघितलं. हात खिशाकडे गेला, रिकामा परत आला. गंधालीचे ओठ हलले, पण ती बोलली नाही. पर्यवेक्षकाच्या घरात वाढलेली पोर होती ती.

"नाव येत नाहीये आत्ता," सर म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. "नववीत गणितात हिला चौतीस मिळाले होते. एक मार्क द्या म्हणून हिची आई आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मी दिला नाही." ते ऋतिकाकडे वळले. "माझी मुलगी आहे. एवढं बरोबर आहे. याचा अर्धा मार्क देता येत असेल तर बघा."

ऋतिकाने मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं.

पुढे तीन आठवड्यांनी पंचावन्न टक्क्यांचं प्रमाणपत्र आलं, गंधालीला सूट मिळाली, आणि गुणाजीने पेढे वाटले. घेणाऱ्याला अभिनंदन म्हणावं की काय म्हणावं ते सुचत नव्हतं, म्हणून लोक नुसते पेढा तोंडात धरून सरांचा हात दाबत होते. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी तिघं रिक्षात बसून घरी निघाले. विक्रोळी गेलं. कांजूर गेलं. भांडुपच्या सिग्नलला रिक्षा उभी होती, आणि सर एकदम ओरडले,

"गंधाली!"

"काय हो, बाबा?"

"गंधाली! आलं! रिक्षा फिरवायला सांग. ती बाई अजून बसलेली असेल."

"आता कशाला, बाबा?"

"उत्तर आलंय ना! हातातला मार्क आहे गं तो."

रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. "वापस लेना है क्या?"

"नाही, नाही, सीधा चलो भैया!" माणिकताई आणि गंधाली एकदमच म्हणाल्या.

"पेपर जमा झालाय, बाबा," गंधाली म्हणाली. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले आणि त्यांचा हात धरून ठेवला. "आणि तुम्हीच म्हणता ना, नंतर मार्क वाढवायचे नसतात."

हे सरांना पटलं. नियम म्हणजे नियम. ते मागे टेकून बसले. पण नाव परत निसटू नये म्हणून त्यांनी नाहूर येईपर्यंत ते चार वेळा म्हणून पाहिलं, आणि चारही वेळा गंधालीने ओ दिली.